कतारला एवढा गॅस कुठून मिळाला, आणि पाणी का नाही?

भूगोलाच्या पदवीला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कतार द्वीपकल्पाची रचना, हवामान आणि साधनसंपत्ती यांवर प्रकल्प लिहायचा आहे, माहिती पुष्कळ मिळते, पण जळगाव जिल्ह्याएवढ्या, नदी-डोंगर नसलेल्या जमिनीला एवढी संपत्ती मिळाली कशी, हे नीट कोणी सांगत नाही. मी पेट्रोलियम भूवैज्ञानिक आहे. सुरुवात मुंबई हायच्या चुनखडकांवर झाली आणि पुढची बरीच वर्षं दोह्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सुचवतो. पाठ्यपुस्तकात भूरचना, हवामान आणि साधनसंपत्ती असे तीन धडे ओळीने येतात. कतारवर लिहिताना तसं करू नका. तिथला गॅस हा एका जुन्या उष्ण, कोरड्या किनाऱ्याची देणगी आहे, आणि आजच्या उष्ण, कोरड्या किनाऱ्यावर माणसं जगतात ती त्याच गॅसच्या जोरावर. हा धागा हातात धरला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

कतार म्हणजे अरबस्तानाच्या पूर्व किनाऱ्यावरून उत्तरेकडे आखातात शिरलेली जमीन. दक्षिणोत्तर लांबी सुमारे १६० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ९०च्या आसपास, क्षेत्रफळ साधारण ११,६०० चौरस किलोमीटर. जळगाव जिल्हा ११,७६५ आहे, तेव्हा तुमची तुलना अगदी बरोबर. जमिनीवरची सीमा एकट्या सौदी अरेबियाशी. सगळ्यात उंच जागा दक्षिणेतली कुरैन अबू अल-बौल, तीही १०३ मीटर. पश्चिम किनाऱ्यालगत दुखानची बुटकी टेकाडं आहेत आणि त्यांच्या शेजारच्या मिठाच्या सपाटीचा, म्हणजे सबखाचा, काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली काही मीटर आहे. उरलेला बहुतेक देश म्हणजे खडे पसरलेलं, फिकट पिवळं, चुनखडकाचं सपाट माळरान. वाळूच्या टेकड्यांचा कतार फोटोंत दिसतो तो मुख्यतः आग्नेयेचा, खोर अल-अदैदच्या बाजूचा. ती वाळू वायव्येच्या वाऱ्याने लोटत लोटत तिथे आणली आहे. हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती, तेव्हा हे अख्खं आखात कोरडं होतं आणि वाळूला वाट मोकळी होती. पुढे समुद्र परत आला, वायव्येकडचा पुरवठा तुटला. आज त्या टेकड्या पुढे सरकत समुद्रात उतरतात आणि मागून नवी वाळू येत नाही.

आता जमिनीखाली जाऊ.

संपूर्ण द्वीपकल्प एका रुंद, अतिशय सौम्य कमानीवर बसलेलं आहे. भूवैज्ञानिक तिला कतार आर्च म्हणतात. थरांचा उतार इतका कमी की उघड्या खडकाकडे पाहून तो कळतच नाही, भूकंपलहरींच्या सर्वेक्षणात आणि विहिरींच्या नोंदींतच दिसतो. ही कमान ईशान्येकडे समुद्राखालून इराणच्या दिशेने जाते. तेल आणि वायू पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे सच्छिद्र खडकातून ते वर वर सरकत राहतात आणि जिथे माथा सापडेल तिथे जमतात. अट एकच, माथ्यावर घट्ट झाकण हवं. कतारची कमान आकाराने प्रचंड, फार जुन्या काळापासून उंचावलेली आणि तिचं झाकण उत्तम. सारा हिशोब इथेच आहे.

या कमानीतला मुख्य गॅस खुफ नावाच्या थरांत आहे. हे थर पर्मियनच्या अखेरीस आणि ट्रायासिकच्या सुरुवातीला, म्हणजे सुमारे २५ ते २६ कोटी वर्षांपूर्वी साचले. तेव्हा इथे शेकडो किलोमीटर पसरलेला उथळ, कोमट समुद्र होता आणि वरचं हवामान कोरडं. खुफचा कोअर, म्हणजे विहिरीतून कापून काढलेला खडकाचा दंडगोल, हातात घेऊन भिंगाखाली धरला की हे वाचता येतं. एका वितीत खसखशीएवढे गोल गोल कण दिसतात. चुन्याचं पाणी लाटांनी घुसळलं जात असताना एकेका कणाभोवती पापुद्रे चढून ते बनले आहेत. त्याच्या वरच्या वितीत कण संपतात आणि करडा, बारीक दाण्यांचा डोलोमाइट (मॅग्नेशियम मिसळलेला चुनखडकासारखा खडक) लागतो. आणखी वर पांढऱ्या अ‍ॅनहायड्राइटच्या (पाणी नसलेल्या जिप्समसारख्या क्षाराच्या) गाठी. म्हणजे समुद्र उथळ होत गेला, किनारा आला, आणि उन्हाने खारं पाणी आटून क्षार उरले. मग पुन्हा समुद्र चढला, पुन्हा तेच. गोल कणांच्या आणि डोलोमाइटच्या थरांत छिद्रं आहेत, तिथे गॅस राहतो. अ‍ॅनहायड्राइटमधून गॅस जात नाही. कोठार आणि झाकण दोन्ही एकाच किनाऱ्याने, एकाच हवामानाने, आळीपाळीने तयार केलं. आजच्या कतारच्या सबखात दोन हात खणलं तर तेच जिप्सम, तेच अ‍ॅनहायड्राइट आजही तयार होताना सापडतं. माझ्या मते तुमच्या प्रकल्पाचं हे सर्वांत महत्त्वाचं पान आहे.

गॅस आला कुठून? त्याहून जुन्या, सिल्युरियन काळातल्या काळ्या, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या शेलमधून, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकातून. वय सुमारे ४४ कोटी वर्षं. ते शेल खोल गाडले गेले, तापले, त्यांतून वायू सुटला आणि आजूबाजूच्या खोलगट भागांतून कमानीच्या माथ्याकडे चढत आला. दुखानचं तेल मात्र वेगळ्या, तरुण घराण्यातलं. ते ज्युरासिक काळातल्या अरब नावाच्या थरांत आहे आणि त्यावर हिथ नावाच्या अ‍ॅनहायड्राइटचं झाकण आहे. मुंबई हायचा साठाही चुनखडकातच आहे, पण तो मायोसीनचा, या मानाने कालपरवाचा.

तेलाचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो सगळीकडे मिळतो. १९३५ साली शेख अब्दुल्ला बिन जासिम अल-थानी यांनी अँग्लो-पर्शियन कंपनीशी तेल शोधण्याच्या आणि काढण्याच्या हक्कांचा करार केला. १९३८च्या ऑक्टोबरात दुखानची पहिली विहीर सुरू झाली आणि १९४०च्या आरंभापर्यंत तेल सिद्ध झालं. युद्धात विहिरी बुजवाव्या लागल्या. पहिलं जहाज निघालं ते १९४९च्या शेवटच्या दिवशी, पूर्व किनाऱ्यावरच्या उम्म सईदहून, ज्याला आता मेसईद म्हणतात. तेल पश्चिमेला, बंदर पूर्वेला, कारण पश्चिमेचा समुद्र मोठ्या जहाजांना फार उथळ. समुद्रातली तेलक्षेत्रं १९६०पासून सापडू लागली. त्यांतल्या काहींचं तेल हालूल बेटावर साठवून जहाजांत भरतात. १९९०च्या दशकातलं अल-शाहीन हे समुद्रातल्या तेलक्षेत्रांत सर्वांत मोठं. तिथले तेलाचे थर इतके पातळ की उभी विहीर परवडत नाही. २००८ साली तिथली एक आडवी विहीर १२ किलोमीटरहून जास्त लांब खणली गेली, त्या वेळचा तो विक्रम होता.

गॅसचं क्षेत्र, नॉर्थ फील्ड, सापडलं १९७१ साली, कतार स्वतंत्र झाला त्याच वर्षी. शेल कंपनी तेल शोधत होती आणि गॅस निघाला. त्या काळात ही निराशेची बातमी होती, कारण गॅस विकायचा कोणाला? पाइपलाइनच्या अंतरात गिऱ्हाईक नव्हतं. उत्पादन सुरू व्हायला १९९१ उजाडलं. पुढचा निर्णय धाडसाचा होता: गॅस उणे १६२ अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करायचा. द्रव झाला की त्याचं आकारमान सुमारे ६०० पटींनी घटतं आणि तो जहाजातून नेता येतो. १९९६च्या डिसेंबरात पहिलं जहाज जपानकडे निघालं. २०१०च्या अखेरीस रास लफान या पूर्व किनाऱ्यावरच्या गॅसबंदरातल्या १४ ट्रेन्सची (द्रवीकरणाच्या एका संचाला ट्रेन म्हणतात) एकूण क्षमता वर्षाला ७ कोटी ७० लाख टनांवर पोचली होती.

आकाराची कल्पना यावी म्हणून सांगतो. कतारच्या बाजूचं क्षेत्र सुमारे ६,००० चौरस किलोमीटर, पलीकडे इराणच्या हद्दीत तेच क्षेत्र साउथ पार्स नावाने आणखी ३,७०० चौरस किलोमीटर. मिळून जगातलं सर्वांत मोठं वायुक्षेत्र, आणि त्यातला कतारच्या वाट्याचा भाग देशाच्या जमिनीच्या निम्म्याहून अधिक. खडकाला देशांची सीमारेषा कळत नाही. एका बाजूने उपसा वाढला की दाब त्या बाजूला उतरतो आणि गॅस तिकडे सरकू लागतो. २००५ साली कतारने नव्या प्रकल्पांवर स्वतःहून स्थगिती आणली आणि साठ्याचा अभ्यास केला. ती उठवली २०१७ साली. बारा वर्षं हात आवरून बसणं ही भूवैज्ञानिकाच्या नजरेतून फार मोठी गोष्ट आहे. दाब एकदा बेहिशेबी उतरवला की साठ्याची कायमची हानी होऊ शकते.

या गॅसमध्ये हेलियमही आहे, जेमतेम ०.०४ टक्का. एरवी इतक्या कमी प्रमाणाकडे कोणी पाहणार नाही. पण द्रवीकरणात बाकी सगळं द्रव होतं आणि हेलियम वायूच राहतो, त्यामुळे तो वेगळा काढणं परवडतं. गॅसचं प्रमाण अफाट असल्याने जगाच्या हेलियमचा पाव ते तिसरा हिस्सा इथून येतो. दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राला तो लागतो. २०१७च्या जूनमध्ये शेजाऱ्यांनी नाकेबंदी केली तेव्हा रास लफानचे हेलियमचे कारखाने काही आठवडे बंद पडले, कारण टाक्या सौदी सीमेवरून रस्त्याने जात होत्या. जमिनीवरची एकच सीमा असण्याचा परिणाम कसा होतो, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

आता हवामान. पाऊस वर्षाला सरासरी ७५-८० मिलिमीटर, तोही नोव्हेंबर ते मार्च या काळात, आणि बरेचदा दोन-चार सरींत उरकतो. उन्हाळ्यात पारा ४०च्या वर रोजचाच. १४ जुलै २०१० रोजी दोह्यात ५०.४ अंश नोंदले गेले. जून-जुलैत शमाल वाहतो, वायव्येचा कोरडा, धूळ घेऊन येणारा वारा. त्याला ओढून घेतो तो इराण-पाकिस्तान-वायव्य भारतावरचा उन्हाळी कमी दाबाचा पट्टा. कोकणात मान्सून खेचणारा पट्टाही तोच. म्हणजे मुंबईत झड लागलेली असते त्याच दिवसांत दोह्यात धुळीने सूर्य मळकट दिसतो, आणि दोन्हींचं मूळ एक.

नवख्याला वाटतं, वाळवंट म्हणजे कोरडी हवा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शमाल मंदावला की हा समज दोन मिनिटांत जातो. आखाताचं पाणी तेव्हा ३३-३५ अंशांवर असतं. त्यावरून येणारी हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की दवबिंदूच (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो) ३० अंशांच्या आसपास जातो. एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर क्षणात वाफ धरते आणि पुसली तरी परत धरते. घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. खरा धोका हा आहे. म्हणून नुसत्या तापमानाचा तक्ता देऊ नका. उन्हात काम करणाऱ्यांसाठी आर्द्रता, ऊन आणि वारा धरून काढलेला वेट बल्ब ग्लोब निर्देशांक पाहावा लागतो. २०२१पासून तिथे १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम करायला मनाई आहे, आणि हा निर्देशांक ३२.१च्या वर गेला की कोणत्याही वेळी काम थांबवायचं असा नियम आहे. तो आधी यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे. रिगवर, बांधकामावर उभी राहणारी माणसं बहुतेक आपल्याच भागातली, भारत-नेपाळ-बांगलादेशातली. कतारच्या सुमारे ३० लाख लोकांत मूळ कतारी फार तर दहा-बारा टक्के. हवामानाच्या प्रकरणात त्या माणसांना जागा द्या.

उष्णता यंत्रांनाही सोसत नाही. गरम हवा विरळ असते, त्यामुळे गॅस टर्बाइनची ताकद उन्हाळ्यात घटते, आणि थंड करण्यावर चालणाऱ्या कारखान्याला ते लगेच जाणवतं.

पाण्याकडे येतो, कारण माझ्या लेखी कतारची सगळ्यात दुर्मीळ संपत्ती पाणी आहे. नदी नाही, तळं नाही. पावसाचा जो थोडा अंश मुरतो तो विशिष्ट जागी मुरतो. वरच्या चुनखडकाखाली रस नावाच्या थरांत जिप्सम आणि अ‍ॅनहायड्राइट आहे. पाण्याने ते विरघळतं, वरचा खडक खचतो आणि उथळ खळगा तयार होतो, ज्याला तिथे रौदा म्हणतात. असे शेकडो खळगे आहेत. वाहून आलेली बारीक माती त्यांत साठते, बोरी-बाभळी उगवतात, आणि देशातली जवळपास सारी नैसर्गिक शेतजमीन हीच. उत्तरेकडे खाऱ्या पाण्याच्या वर गोड्या पाण्याचा एक पातळ थर भिंगासारखा तरंगत असतो. शेतीसाठी त्याचा उपसा निसर्ग भरून काढतो त्याच्या कित्येक पट होतो, त्यामुळे थर पातळ होतोय आणि खालचं खारं पाणी वर येतंय. गंमत नाही, गंभीर गोष्ट म्हणजे दोहा शहराखाली मात्र पाण्याची पातळी वाढते, कारण गळक्या नळांचं आणि बागांना घातलेलं पाणी खाली साठतं. शहरात पाया खणायचा तर आधी पंप लावून पाणी उपसावं लागतं.

नळाचं पाणी जवळपास सगळं समुद्राचं, गोडं केलेलं. पूर्वी ते तापवून वाफेपासून काढत, आता पडद्यांतून दाबाने गाळण्याची पद्धत वाढते आहे. दोन्हींना ऊर्जा लागते, ती गॅसची. इथे आखाताचा उथळपणा आड येतो. सरासरी खोली ३५ मीटरच्या आसपास, बाहेर पडायचा रस्ता एकट्या होर्मुझच्या सामुद्रधुनीचा, बाष्पीभवन जबरदस्त. त्यामुळे पाणी मुळातच अरबी समुद्रापेक्षा खारट आहे, आणि सलवाच्या आखातात, म्हणजे द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, तर त्याहून कितीतरी जास्त. गोडं पाणी काढून उरलेला दाट खार परत याच समुद्रात जातो. तेलगळती झाली किंवा शेवाळाचा लाल बहर आला तर प्रकल्प थांबवावे लागतात. म्हणूनच कतारने काँक्रीटचे अवाढव्य जलसाठे बांधले. २०१८ साली ते सुरू झाले, एकेक टाकी सुमारे १० कोटी गॅलनची.

एक साधन सहसा कोणी लिहीत नाही, ते म्हणजे खडी. आपल्याकडे बसाल्टची खडी कुठेही मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही. कतारचा चुनखडक मऊ, त्यात क्षार, आणि किनाऱ्याच्या वाळूतल्या मिठाने सळई गंजते. त्यामुळे पक्क्या काँक्रीटसाठी गॅब्रो नावाचा काळा, कठीण दगड अमिराती आणि ओमानच्या डोंगरांतून जहाजाने मेसईदला आणतात. दोह्यातल्या उंच इमारतींच्या पोटात तो परदेशी दगड आहे. अब्जावधींचा गॅस विकणारा देश खडी आयात करतो, हे साधनसंपत्तीच्या धड्यात आलंच पाहिजे.

तेलाआधीची संपत्ती होती मोती. उथळ, कोमट समुद्रतळावरचे शिंपले. वायव्य किनाऱ्यावरचं अल-झुबारा हे त्या व्यापाराचं गाव २०१३पासून जागतिक वारसा आहे. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून जगात जात. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी तो धंदा बुडाला. मुंबईशी नातं इतकं घट्ट की कतारमध्ये रुपयाच चालत असे. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या, आणि त्या तिथे १९६६पर्यंत चलनात होत्या.

जीवसृष्टीवर दोन ओळी पुरतील. अल-खोरजवळ अल-थखीराला तिवरांचं दाट वन आहे, आपल्या कोकणातल्या खाजणातलं तेच झाड. आणि अल-शाहीनच्या तेलफलाटांभोवती उन्हाळ्यात देवमाशांएवढे व्हेल शार्क मोठ्या संख्येने जमतात, ट्यूना माशांची अंडी खायला.

आपल्याशी आजचं नातं गॅसचं. १९९९ साली भारताच्या पेट्रोनेट कंपनीने कतारच्या रासगॅस कंपनीशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार केला, २००४ साली गुजरातमधल्या दहेजला पहिलं जहाज लागलं, आणि २०२४च्या फेब्रुवारीत हाच करार २०२८ ते २०४८साठी वाढवण्यात आला. दहेजहून उरण-पनवेलकडे पाइपलाइन येते. रत्नागिरीतल्या दाभोळलाही टर्मिनल आहे. लाटा अडवणारा बांध पुरा नसल्यामुळे ते अनेक वर्षं पावसाळ्यात बंद ठेवावं लागे. रास लफानचं प्रत्येक जहाज होर्मुझमधूनच येतं. सौदीने तांबड्या समुद्रापर्यंत आणि अमिरातीने फुजैरापर्यंत तेलाच्या पाइपलाइन टाकल्या आहेत. कतारकडे अशी पळवाट नाही. अमिराती-ओमानला जाणारी डॉल्फिन नावाची गॅसवाहिनी आहे, तिचा उपयोग त्या शेजाऱ्यांपुरता.

"गॅस संपला तर?" हेही तुम्ही विचारलं आहे. सिद्ध साठा सुमारे २४-२५ लाख कोटी घनमीटर, रशिया आणि इराणनंतर तिसरा. सध्याच्या गतीने तो शंभर वर्षांहून जास्त पुरेल, आणि क्षमता वर्षाला १४ कोटी २० लाख टनांपर्यंत नेण्याच्या योजना आखलेल्या आहेत. गॅस संपण्याच्या कितीतरी आधी उत्तरेचा गोड्या पाण्याचा थर संपेल. त्यामुळे प्रकल्पात "साठा किती वर्षं पुरेल" हा आलेख काढाल तेव्हा शेजारी भूजलाचाही काढा.

नकाशे तीन करा: आखाताच्या खोलीचा, कतार आर्चच्या समोच्च रेषांचा, आणि लोकवस्ती, पाणीप्रकल्प, बंदरं यांचा. तिन्ही एकाच प्रमाणात, ट्रेसिंग पेपरवर. सोबत मेसईद आणि रास लफान दोन्ही बंदरं पूर्व किनाऱ्यावर का आहेत, याचं उत्तर खोलीच्या नकाशावरूनच लिहा. परीक्षकाला ते इंटरनेटवरून उतरवलेलं वाटणार नाही.